रेवाळे डॉक्टर आणि सड्यावरच्या तीन खाणी

माशाला ताप येतो का, हा प्रश्न मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. रत्नागिरीत जन्म गेला, मासे खाऊन वाढले, पाळायचे वार सोडून उरलेल्या दिवशी बाजारात कल्ले उचलून पाहिले. पण ज्याचं कालवण करायचं त्याच्या प्रकृतीची आधी चौकशी करायची असते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते शिकवलं डॉक्टर महिपत रेवाळ्यांनी. आणि प्रश्नाचं उत्तरही त्यांनीच दिलं. "ताप येत नाही, बाई. पाणी जेवढं गरम तेवढाच मासा गरम. म्हणून तर अवघड आहे. म्हशीच्या कानाला हात लावला की निम्मं निदान होतं. माशाला कान कुठे शोधू?"

रेवाळे मूळचे गुरांचे डॉक्टर. मंडणगड तालुक्यात डोंगरात त्यांचं गाव. वीस वर्षं त्यांनी बैलांचे खूर तपासले, म्हशींची बाळंतपणं केली. मग कुठल्याशा सरकारी योजनेत माशांचे रोग शिकायला म्हणून त्यांना पाठवण्यात आलं आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते रत्नागिरीत दाखल झाले. "आमच्या गावात मासा म्हणजे सुका," ते सांगत. "बोंबील नाहीतर सुकट. तो मुळात गेलेलाच असतो. त्याला कसला आलाय रोग?" बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका जुन्या कौलारू इमारतीत त्यांचा विभाग होता. विभाग म्हणजे ते स्वतः, इब्राहिमभाई नावाचे शिपाई, एक सूक्ष्मदर्शक, आठ सिमेंटच्या टाक्या आणि मागच्या अंगाला एक विहीर. सूक्ष्मदर्शकावर बसवायचा कॅमेरा मागवलेला होता. तो शेवटपर्यंत आला नाही, आणि म्हणूनच मी तिथे गेले.

मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत असे. एका शनिवारी हा बुटका, काळासावळा, रुंद खांद्यांचा गृहस्थ काचेची बरणी घेऊन थेट माझ्या वर्गात आला. बरणीत मसुराएवढा एक चपटा पारदर्शक किडा गोल गोल पोहत होता. "ही माशाची ऊ," गृहस्थ म्हणाले. बांधाच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसा त्यांचा आवाज. "हिचं चित्र काढता येईल का?" मुली किंचाळल्या. मी म्हटलं, येईल. त्या क्षणी मुलींसमोर नाही म्हणणं मला कमीपणाचं वाटलं, एवढंच त्याचं कारण. पुढची पाच वर्षं शनिवार दुपार आणि रविवार सकाळ मी त्यांच्या खिडकीशी बसून माशांच्या अंगावरचे, कल्ल्यांतले आणि आतड्यांतले पाहुणे काढत राहिले.

पहिलंच चित्र त्यांनी परत केलं. मी ते जीव ओतून केलं होतं. दोन्ही बाजू अगदी सारख्या, पाय कसे रांगेत. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "हिचा डावीकडचा तिसरा पाय तुटलेला आहे."

"हो ना. म्हणून तो मी उजवीकडचा पाहून पुरा केला."

"बाई, मी डॉक्टर आहे. मला तो पाय जोडता आला नाही. तुम्हाला कसा आला?"

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या चित्रात पाय तुटका आला तो आलाच, आणि त्यानंतर मी शाळेतल्या मुलींच्या फुलदाण्यांनाही टवके असतील तर ते दाखवायला लावू लागले. मुख्याध्यापिकाबाईंना ते मुळीच पसंत पडलं नाही.

"बहुतेक" हा शब्द डॉक्टरांना चालत नसे. एखादा तळेवाला "बहुतेक कालपासून खात नाहीत" असं म्हणाला की ते त्याला मध्येच तोडत: "खातात की खात नाहीत? तुम्ही पाहिलंत की शेजाऱ्याने सांगितलं?" आणि स्वतः निदान सांगताना तर त्यांच्या बोलण्याला कुठे सांधाच नसायचा. हा रोग अमुक, औषध तमुक, आठ दिवसांनी परत सांगा. बरं, शंभरात नव्वद वेळा ते खरंही ठरायचं. त्यामुळे जिल्ह्यात जो कोणी तळ्यात रोहू-कटला सोडून बसला होता, तो रेवाळ्यांचा शब्द डोळे झाकून घेत असे. लोक त्यांना "मासळीडॉक्टर" म्हणत आणि त्यांना ते आवडायचं.

त्यांचा दुसरा नियम पाण्याचा. आजारी मासा जिवंतच आणायचा, आणि ज्या पाण्यात तो आजारी पडला त्याच पाण्यातून आणायचा. "मेलेला मासा खोटी साक्ष देतो," ते म्हणत. "मेल्यावर तासाभरात त्याच्या अंगावर भलतेच जंतू चढतात. आणि जिवंत माशाला नवं पाणी दिलंत तर तो दचकूनच मरेल. त्याची हवा म्हणजे त्याचं पाणी." त्यासाठी ते तांब्याची एक मोठी कळशी घेऊन हिंडत. जीप बहुधा बिघडलेली, मग एसटीने. एकदा वेळणेश्वराकडून येताना आमच्याच गाडीत एका कंडक्टरने त्यांना हटकलं होतं.

"कळशीत काय?"

"पेशंट."

"म्हणजे?"

"रोहू आहे. पोटात पाणी झालंय त्याच्या."

कंडक्टर वाकून पाहून आला आणि त्याने पुढच्या सीटवरच्या दोघांना उठवून डॉक्टरांना खिडकीजवळ बसवलं. वाटेत प्रत्येक थांब्यावर तो मागे वळून विचारायचा, "हाय का?" आणि डॉक्टर कळशीत पाहून गंभीरपणे सांगायचे, "आहे." रत्नागिरी स्टँडवर उतरताना अर्ध्या गाडीचा जीव त्या रोहूत अडकला होता.

हे सगळं मी हसत सांगतेय, कारण ते तसंच होतं. पण ज्या गोष्टीसाठी मला रेवाळे डॉक्टर आठवतात ती निराळी आहे. ती पूर्णगडच्या अलीकडे, सड्यावर घडली.

सडा म्हणजे आमच्याकडचा उघडा कातळ. तिथे जांभा दगडाचे चिरे काढतात. चिरे संपले की खोल चौकोनी खाण मागे उरते आणि पावसात भरून तिचं तळं होतं. दाजी भाटकर म्हणून एक गृहस्थ होते, आयुष्यभर परदेशी बोटींवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून राबलेले. निवृत्त होऊन गावी आले आणि घरामागच्या अशाच एका जुन्या खाणीत त्यांनी रोहूची बोटुकली सोडली. बोटुकली म्हणजे बोटाएवढे मासे. सगळं गाव हसलं. वर्षाने एकेक मासा दीड वीत झाला तेव्हा हसणं थांबलं आणि शेजारच्या दोन खाणींतही मासे पडले. दाजी रोज सकाळी खाणीच्या काठावर उभे राहून भाताचा कोंडा टाकत आणि मासे वर आले की मोजत. साऱ्या जगाचा समुद्र पाहिलेला हा माणूस त्या वीस पावलांच्या तळ्यावर खूश होता.

पुढच्या आषाढात ते मासे मरायला लागले. दाजींनी निरोप पाठवला, डॉक्टरांनी उलट निरोप दिला की आजारी मासा पाठवा. दुसऱ्या दिवशी डबा आला. डब्यात केळीच्या पानावर दोन रोहू, खवले काढलेले, पोट साफ केलेलं, कल्ले काढून टाकलेले आणि वर व्यवस्थित हळद-मीठ लावलेलं.

इब्राहिमभाई तोंड फिरवून हसू दाबत होते. डॉक्टरांनी नमुन्यांच्या नोंदवहीत गंभीरपणे लिहिलं: "तळण्यास योग्य, तपासण्यास अयोग्य." मग जीप काढायला लावली. मला कल्ल्यांचे रंग हवे म्हणून मीही गेले. दाजींच्या बायकोला त्यांनी विचारलं तर ती बिचारी कानकोंडी झाली. "असा आतड्यासकट मासा डागदरांकडं कसा पाठवायचा हो?" ती म्हणाली. "बरा दिसतो काय? लोक काय म्हनतील!"

"बरोबर आहे, काकी," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या घरची रीत चांगली आहे. माझाच धंदा ओंगळ."

खाणीवर मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडत होते. दाजींनी एक उचलून दिला. डॉक्टरांनी कल्ल्याचं झाकण वर केलं. ताजा कल्ला कसा रक्तासारखा असतो, तर हा भिजलेल्या मातीच्या रंगाचा होता आणि त्याच्यावर बुळबुळीत साय. तिन्ही खाणींत तेच. मी रंगपेटीतला गेरू आणि थोडा काळा मिसळून तो रंग तिथेच कागदावर धरला.

सूक्ष्मदर्शकाखाली त्या सायीत बारीक धागे दिसले, पिवळट, एकमेकांत गुंतलेले, जिवंत. डॉक्टरांनी ते कुठल्याच पुस्तकात पाहिले नव्हते. त्यांचे डोळे चमकायला लागले. त्यांनी एका टाकीत खाणीतले आजारी मासे ठेवले, अर्थातच त्यांच्याच पाण्यात, आणि त्यांच्यासोबत आमच्याकडचे आठ ठणठणीत रोहू सोडले. दुसऱ्या टाकीत विहिरीच्या पाण्यात नुसतेच ठणठणीत आठ ठेवले. पाचव्या दिवशी पहिल्या टाकीतले आठही वर येऊन धापा टाकायला लागले. दुसऱ्या टाकीतल्यांना काही झालं नाही.

"संसर्ग," डॉक्टर म्हणाले. "नवा रोग आहे, बाई. तिन्ही खाणींत पसरलाय, उद्या ओढ्याने खाली उतरेल आणि सगळ्या तळ्यांत जाईल." मी त्या धाग्यांची बावीस चित्रं केली. इतकी सुंदर चित्रं मी पुन्हा कधी काढली नाहीत.

अहवाल गेला. त्यावरून हुकूम आला की तिन्ही खाणींत ब्लीचिंग पावडर टाकून सगळे मासे नष्ट करावेत आणि तीन वर्षं तिथे मासा सोडू नये. डॉक्टर स्वतः सांगायला गेले. दाजी सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "तुमी सांगताय ना? मंग झालं." पावडर दाजींनी स्वतःच्या हातांनी टाकली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. श्रावणातली लख्ख सकाळ होती. दुपारपर्यंत खाण पांढरी झाली, वर आलेल्या पोटांनी. काकी दारात बसून डोळ्यांना पदर लावत होती आणि दाजी काठावर ताठ उभे होते. डॉक्टरही शेवटचा मासा वर येईपर्यंत हलले नाहीत.

ओढ्याखालच्या एकाही तळ्यात रोग गेला नाही. वरून शाबासकीचं पत्र आलं. धाग्यांवरचा निबंध मुंबईला परिषदेत वाचायचं ठरलं. आणि दाजींच्या गावाने, आपल्या तिघांनी त्याग केला म्हणून जिल्हा वाचला या अभिमानात, दसऱ्यानंतर डॉक्टरांचा सत्कार करायचं ठरवलं.

मध्ये गणपती आले. गणपतीत आमच्याकडे कचेऱ्या उघड्या असल्या तरी त्यात माणूस सापडत नाही. डॉक्टर मंडणगडला गेले, मी घरच्या आरत्यांत. विभागात राहिले एकटे इब्राहिमभाई. पुढच्या अभ्यासासाठी डॉक्टरांनी पहिल्या टाकीतले उरलेले पाच आजारी मासे ठेवून घेतले होते आणि पावडर पडण्याआधी खाणीचं पाणी पिंपात भरून आणलं होतं. कडक सूचना होती: त्या टाकीत दुसरं पाणी घालायचं नाही.

गौरी गेल्यावर डॉक्टर परतले. रविवार होता, मीही गेले. डॉक्टर पहिल्या टाकीशी उभे होते. पाचही मासे तळाशी शांत फिरत होते. त्यांनी एक उचलून कल्ला पाहिला. कडेने लाली परत येत होती.

"इब्राहिमभाई, औषध काय घातलंत?"

इब्राहिमभाईंचा चेहरा उतरला. "औषीद नाय, साहेब. पिंप गळलं. सगळं पानी वाहून गेलं, नि टाकीतल्या पान्याला वास सुटला. मासं मरतील म्हनून मी हिरीचं पानी घातलं. चार दिवस रोज बदललं. तुमची मनाई होती, ठावं हाय मना. पन जिवंत जनावर हाय, कसं बघू?"

डॉक्टरांनी हातातला मासा पाण्यात परत सोडला. मग ते टाकीच्या कठड्यावर बसले. मी त्यांना कधी कठड्यावर बसलेलं पाहिलं नव्हतं. टाक्यांवर कोणी बसलं तर ते ओरडत. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "मी ठणठणीत आठ मासे आजाऱ्यांच्या टाकीत सोडले. पण मी त्यांना नुसते आजारी मासे नाही दिले. पाणीही दिलं."

मला ते समजायला थोडा वेळ लागला. त्यांना मात्र एका क्षणात सगळं दिसलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ते एकटे सड्यावर गेले. दाजींच्या खाणीच्या वरच्या अंगाला त्या वर्षी नवी खाण निघाली होती. चिरे कापताना पडणारी तांबडी भुकटी पावसाच्या पाण्याबरोबर खाली वाहत येऊन तिन्ही जुन्या खाणींत उतरत होती. ते पाणी त्यांनी जीपमध्ये डबे भरभरून आणलं, रिकाम्या टाकीत ओतलं आणि त्यात नुसते धडधाकट मासे सोडले. आजारी मासा टाकीत एकही नव्हता. सहाव्या दिवशी ते मासे धापा टाकू लागले, कल्ले मातकट, त्यावर तीच साय आणि सायीत तेच धागे. जांभ्यातल्या लोखंडाचा गंज कल्ल्यांवर बसून मासे गुदमरत होते. धागे होते ते त्या गंजावर जगणारे, निरुपद्रवी. "मी भाडेकरूला खुनी ठरवलं," डॉक्टर म्हणाले. रोग नव्हताच. नुसता एक चर खणून वरचं पाणी वळवलं असतं आणि खाणीत शिंपल्यांचा चुना टाकला असता, तरी दाजींचे मासे जगले असते.

हे कळलेली माणसं जगात तीनच होती. वरच्या साहेबांच्या कानावर डॉक्टरांनी घातलं तेव्हा चौथे झाले. साहेबांनी शांतपणे सुचवलं की अहवालात एवढंच लिहावं, रोग पूर्णपणे आटोक्यात आला. ते खोटंही नव्हतं. मासेच उरले नव्हते तर रोग कुठून राहणार? निबंध गुपचूप मागे घ्यावा आणि सत्कार घेऊन मोकळं व्हावं. "गेलेले मासे परत येणार आहेत का, रेवाळे?"

मलाही मनातून तसंच वाटत होतं, हे इथे कबूल करते. गावाने केवढी तयारी केली होती. आणि डॉक्टरांच्या शब्दावर अख्ख्या जिल्ह्यातली तळी चालत होती. तो शब्द एकदा फुटला की मग कोण ऐकणार? मी तसं म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, मी गप्प बसलो तर तीन वर्षं खाणी रिकाम्या राहतील. आणि तीन वर्षांनी दाजी मासे सोडतील तेव्हा ते परत आषाढात मरतील. मग मी काय सांगू? नवा रोग आला?"

सत्कार देवळाच्या सभामंडपात होता. दाजी बोटीवरचा निळा कोट घालून अध्यक्षस्थानी बसले होते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून माझं धाग्यांचं सर्वांत मोठं चित्र खांबाला टांगलं होतं, आणि गावाला वाटलं ती शोभा आहे. दाजी शाल उचलायला उठले तेव्हा डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. "आधी मला बोलू द्या. मग घालायची की नाही ते तुम्ही ठरवा."

ते चित्राशी जाऊन उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच, बांधापलीकडे पोचणारा. "हे चित्र बाईंनी बरोबर काढलंय. वाचलं मी चूक. तुमच्या खाणींत रोग नव्हता. वरच्या खाणीचा गंज पाण्यातून येत होता, त्यानं मासे गुदमरत होते. मी तपासताना त्यांचंच पाणी वापरलं, त्यामुळे मला ते संसर्गासारखं दिसलं. हे आमच्या शिपायांच्या, इब्राहिमभाईंच्या हातून उघडकीस आलं, मला आपणहून कळलेलं नाही. तुमचे मासे मारायची गरज नव्हती. ते माझ्या चुकीने गेले."

 मागून कोणीतरी उठून चालतं झालं, मग आणखी दोघं. हे दोघं दुसऱ्या दोन खाणींचे मालक होते. दाजी शाल हातात घेऊन तसेच उभे.

"माज्या हातानं मारले मी, डॉक्टर," ते म्हणाले.

"होय. माझ्या सांगण्यावरून."

"दोन मासे वर आले नव्हते. त्यांच्यासाठी मी परत पावडर टाकली. ठावं हाय तुमाला?"

"पाहिलं होतं मी."

दाजींनी शालीची घडी घातली आणि टेबलावर ठेवली. "मंग खाणीत रोग नाय?"

"कधीच नव्हता."

"बघू," दाजी म्हणाले आणि मंडपाच्या पायऱ्या उतरून गेले. नारळ, हार, फराळाची ताटं, सगळं जागच्या जागी राहिलं. काकी तेवढी आमच्यासाठी पाणी घेऊन आली. परतीच्या वाटेवर मी डॉक्टरांवर चिडले होते, गावावर चिडले होते आणि स्वतःवर सर्वांत जास्त. डॉक्टर मात्र जीपमध्ये बसून कागदावर चराचा उतार काढत होते.

तो चर डॉक्टरांनी मार्गशीर्षात खणायला घेतला. सुट्टीच्या दिवशी, स्वतः पहार घेऊन. कातळ म्हणजे काय हे मंडणगडच्या माणसाला सांगायला नको, पण वयाची पन्नाशी आली होती. पहिले दोन रविवार दाजी लांबून पाहत होते. तिसऱ्या रविवारी ते दोन गडी घेऊन आले आणि काही न बोलता वरच्या टोकाकडून खणायला लागले. पुढे चुना पडला, डॉक्टरांच्या नव्या अहवालाने बंदी उठली, आणि एक दिवस दाजींनी खाणीत पुन्हा बोटुकली सोडली. बाकीचे दोघे तयार झाले नाहीत. "एकदा सांगितलात मारा, आता सांगता घाला," असं त्यांनी डॉक्टरांना तोंडावर सुनावलं. दाजींनी मध्यस्थी केली नाही. "आषाढ जाऊ दे," एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या आषाढात आठ दिवस झड लागली होती. सगळा सडा वाहत होता. डॉक्टरांच्या बदलीचा हुकूम आलेला होता, पार विदर्भात, आणि आठवड्याच्या आत निघायचं होतं. रविवारी सकाळी ते माझ्या दारात छत्री घेऊन उभे. "चला बाई. रंग पाहायला तुम्ही हव्यात."

खाणीच्या वरच्या बाजूला चर दुथडी भरून तांबडालाल धावत होता आणि बाजूच्या ओढ्यात कोसळत होता. खाणीतलं पाणी गढूळ होतं, पण हिरवट. दाजींनी पाग टाकला. ते लहान फेकजाळं त्यांनी एका झटक्यात ओढून घेतलं. आत एक रोहू तडफडत होता, वीतभर. दाजींनी तो दोन्ही हातांत धरून डॉक्टरांपुढे केला.

आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक तळ्यावर पुढे होऊन मासा हिसकावून घेणारा तो माणूस पाठ फिरवून उभा राहिला. छत्रीची मूठ त्यांनी अशी आवळून धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

"बाई, तुम्ही बघा," ते म्हणाले. "मला सांगा फक्त."

मी कल्ल्याचं झाकण उचललं.  आत लाल होता. स्वच्छ, ओला, भडक लाल. मी आयुष्यभर रंग शिकवले, पण एखादा रंग पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या एकाच दिवशी.

"लाल आहे, डॉक्टर."

ते वळले. मासा हातात घेतला, दोन्ही कल्ले पाहिले, शेपटी पाहिली, पोट चाचपलं. मग गुडघ्यावर बसून त्याला पाण्यात सोडलं आणि तो दिसेनासा होईपर्यंत तिथेच राहिले. ते उठले ते बोलतच.

"दाजी, आता त्या दोघांना सांगा. चर खाली त्यांच्यापर्यंत नेला की त्यांनाही सोडता येतील."

"मी नाय सांगनार," दाजी म्हणाले.

"का?"

"माजं कशाला ऐकतील? मी खलाशी मानूस. तुमी सांगा. त्या दिवशी देवळात सगळ्यांच्या देखत चूक सांगितलीत ना, त्ये दोघंबी ऐकून गेलेत. तुमी आज सोडा म्हनालात, तर सोडतील."

 दाजींनी डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं खालच्या खाणीच्या वाटेला लागले. छत्री काठावरच राहिली होती. मी हाक मारली, पण पावसात त्यांना ऐकू गेली नाही.